नेमकं काय करायचात तुम्ही?

नोकरी गेली त्या दिवशी सकाळी दहाला मीटिंगचं बोलावणं आलं, साडेदहाला मीटिंग संपली आणि अकराच्या आत माझं लॉगिन बंद झालं होतं. नऊ वर्षं मी कस्टमर सपोर्टमध्ये होते. अख्खा विभागच बंद केला, त्यामुळे कुणावर राग धरायचा हेही कळत नव्हतं. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच, की नऊ वर्षांतले मेल, मी बनवलेले रिपोर्ट, लोकांनी पाठवलेल्या शाबासक्या, सगळं एका तासात पलीकडे राहिलं आणि मी अलीकडे. घरी येऊन रेझ्युमे उघडला आणि लिहायला बसले तर मला आठवेचना की मी नऊ वर्षं केलं काय.

म्हणून ज्यांची नोकरी आज व्यवस्थित चालू आहे त्यांना आधी एक सांगते. घरी एक वही ठेवा. आठवड्यातनं एकदा त्यात एक-दोन ओळी लिहा: काय बिघडलं होतं, मी काय केलं, त्याने काय फरक पडला, आकडा माहीत असेल तर आकडा. कंपनीच्या फायली घरी आणू नका, ग्राहकांची नावं लिहू नका, ते आपलं नाही आणि त्यात अडकायला होतं. पण आपण स्वतः काय केलं त्याची आठवण तर आपलीच असते ना, ती तरी आपल्याकडे राहू द्या. दोन वर्षांपूर्वीचा आकडा नोकरी गेल्यावर आठवत नाही, आणि त्या दिवसांत तर डोकं मुळीच चालत नाही.

पुढचे चार महिने मी काय केलं ते सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. एक वही केली, तिच्यात रकाने आखले: तारीख, कंपनी, पोस्ट, उत्तर. आठवड्याला पाच अर्ज पाठवायचे असं ठरवलं. पाच झाले की लॅपटॉप बंद, आणि या आठवड्याचं काम झालं असं वाटायचं. चौऱ्याण्णव ओळी भरल्या त्या वहीत. उत्तराच्या रकान्यात सहा ठिकाणी काहीतरी लिहिलेलं होतं, त्यातले पाच नकार. बाकी अठ्ठ्याऐंशी रकाने कोरे. कोऱ्या रकान्याचा त्रास नकारापेक्षा जास्त होतो हे मला तेव्हा कळलं, नकार निदान कुणीतरी वाचल्याची खूण असते.

अर्ज पाठवणं मोजता येतं म्हणून ते कामासारखं वाटतं. पाच झाले, दहा झाले, पन्नास झाले. पण माझ्या रेझ्युमेत पहिल्याच ओळीत काय होतं, तर 'ग्राहकांच्या तक्रारींचे वेळेत निवारण'. ही ओळ माझ्याआधी किती हजार लोकांनी लिहिली असेल. ती वाचून समोरच्याला माझ्याबद्दल काहीच कळत नव्हतं, फक्त मी कोणत्या खुर्चीवर बसत होते एवढं कळत होतं. मी तीच ओळ चौऱ्याण्णव वेळा पाठवत होते.

मग एक फोन झाला.

तीन वर्षांपूर्वी एका दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. चहाच्या वेळी थोडं बोलणं झालं होतं, नंबर घेतले होते, मग सणावाराला मेसेज, बाकी काही नाही. ते यूजर रिसर्चमध्ये होते, म्हणजे लोक एखादं अॅप किंवा फॉर्म कसा वापरतात, कुठे अडतात हे बघायचं काम. मला त्या कामाबद्दल कधीपासून उत्सुकता होती. त्यांना मेसेज लिहायला मला दोन दिवस लागले, लिहायचे, पुसायचे, परत लिहायचे. तीन वर्षांनी अचानक आठवण झाली म्हणजे काम असणार हे कुणालाही कळतं, त्याची लाज वाटत होती. शेवटी सरळ लिहिलं की सर, माझी नोकरी गेली आहे, तुमच्या क्षेत्राकडे वळावं असं वाटतंय, नोकरीसाठी विचारत नाहीये, वीस मिनिटं बोलाल का. पंधरा मिनिटांत उत्तर आलं, उद्या संध्याकाळी फोन करा.

फोनवर त्यांनी विचारलं, "नेमकं काय करायचात तुम्ही?"

"तक्रारी हाताळायचे."

"ते कळलं. पण एखादी तक्रार सांगा ना. अशी एक, जी तुमच्या डोक्यातून जात नव्हती."

तर मी त्यांना तारखेच्या चौकटीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे पत्ता बदलण्याचा एक फॉर्म होता. त्यात तारखेची चौकट होती आणि ती महिना आधी, दिवस नंतर असं धरून बसलेली, पण तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लोक दिवस आधी लिहायचे. आता गंमत बघा, महिन्याच्या एक ते बारा तारखेपर्यंत फॉर्म निमूट स्वीकारला जायचा, कारण पाच तारीख असेल तर त्याला वाटायचं पाचवा महिना. तेरा तारीख उजाडली की तोच फॉर्म 'अवैध माहिती' म्हणून परत यायचा, कारण तेरावा महिना नसतो. त्यामुळे दर महिन्याच्या तेरा तारखेपासून आमचे फोन वाढायचे, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उतरायचे. सगळे म्हणायचे की महिनाअखेरीला लोक चिडचिडे असतात. मी दोन महिने डायरीत रोज उभ्या रेघा मारल्या, पाचवी रेघ आडवी, आणि तेरा तारखेला रेघा कशा उड्या मारतात ते दिसलं. मग एका प्रोग्रॅमरला ती पानं नेऊन दाखवली, त्याने महिन्याचं नाव निवडायची सोय केली. त्या प्रकारचे रोजचे वीसेक फोन एक-दोनवर आले. आणि जे एक ते बारा तारखेला गुपचूप चुकीच्या तारखेने नोंदले गेले होते, ते शोधून दुरुस्त करायला आम्हाला अजून महिना लागला.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तुमच्या रेझ्युमेत कुठे आहे?"

"नाहीये, सर."

"अहो, मग तुम्ही नऊ वर्षं थोडंफार आमचंच काम करत होतात की. कागदावर मात्र भलत्याच बाई आहेत."

त्या रात्री मी वहीतला अर्जांचा तक्ता बंद केला. पाठवण्याचं काम पाचाचं एकावर आणलं आणि बाकीचा वेळ कागदावर खऱ्या बाईंना आणण्यात घालवला. नोकरी शोधणाऱ्याला किंवा क्षेत्र बदलणाऱ्याला मी जे सांगते ते इतकंच आहे: आपण काय होतो हे सांगून भागत नाही, आपण केलेलं काम समोरच्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे, आणि ते अशा माणसापर्यंत पोचलं पाहिजे जो आपल्या नेहमीच्या गोतावळ्यात नाही.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला मायकेल फॅरेडेमध्ये सापडलं. शाळेत आपण त्याचं नाव विजेच्या धड्यात वाचतो, पण नोकरी शोधणारा फॅरेडे कुणी शिकवत नाही. लोहाराचा मुलगा, शिक्षण जेमतेम, चौदाव्या वर्षी लंडनमध्ये एका पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि सात वर्षं पुस्तकं बांधत राहिला. बांधता बांधता वाचायचा. त्याला विज्ञानात यायचं होतं. त्याने थेट रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पत्र लिहिलं, कुठलंही काम द्या म्हणून. त्याला उत्तर आलं नाही. वहीतला कोरा रकाना, 1812 सालचा.

आता बघा पुढे काय झालं. दुकानात येणारं एक गिऱ्हाईक होतं, विल्यम डान्स नावाचे संगीतकार. त्यांना या मुलाचं कौतुक वाटलं आणि त्यांनी त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. फॅरेडेने चार व्याख्यानं ऐकली, टिपणं काढली, घरी येऊन ती विस्ताराने लिहून काढली, आकृत्या काढल्या, आणि मग जे काम त्याला सात वर्षांत हातात बसलं होतं ते केलं, सगळी पानं स्वतः बांधून त्यांचं पुस्तक केलं, तीनेकशे पानांचं. ते डेव्हींना पाठवलं. डेव्हींनी उत्तर दिलं, भेट झाली, पण जागा नाही म्हणाले, बांधणीचं कामच चालू ठेव असाही सल्ला दिला. काही आठवड्यांनी, डेव्ही जिथे काम करायचे त्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या एका मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकलं, आणि डेव्हींना तो पुस्तकवाला मुलगा आठवला. मार्च 1813 मध्ये फॅरेडे तिथे प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून लागला. एकवीस वर्षांचा होता.

मी ही गोष्ट किती वेळा वाचली असेन आणि दर वेळी मला ते बांधलेलं पुस्तकच डोळ्यासमोर येतं. डेव्हींना त्या मुलाकडून 'मी मेहनती आहे, चटकन शिकतो' हे ऐकावं लागलं नाही. पान उलटलं की दिसत होतं. ऐकतो कसा, समजतो कसा, नीटनेटका किती, चिकाटी किती, सगळं त्या पानांत होतं. आणि जुना धंदा त्याने टाकून दिला नव्हता, नव्या दारापर्यंत जायला तोच कामी आला. क्षेत्र बदलणाऱ्या माणसाला फार वाटतं की आपली मागची वर्षं फुकट गेली, आता शून्यापासून सुरुवात. नाही हो. तुम्ही शिक्षक असाल आणि सॉफ्टवेअर कंपनीत ट्रेनिंगकडे वळत असाल, नर्स असाल आणि मेडिकल लेखनाकडे येत असाल, तर तुमचं जुनं काम म्हणजेच तुमची बांधणी आहे. नवशिक्यांच्या रांगेत उभं राहू नका, जुन्या कामाचं जे टोक नव्या कामाला लागतं ते शोधा.

त्या गोष्टीतले विल्यम डान्सही विसरू नका. जिवलग मित्र नाहीत, नातेवाईक नाहीत, दुकानातलं एक गिऱ्हाईक. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली नेमकं याच विषयावर एक निबंध लिहिला, तो आजही सगळीकडे दाखल्यासाठी दिला जातो. त्यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं की ज्या माणसाकडून कळलं त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होतात. नेहमी भेटणारे सुमारे 17 टक्के निघाले. अधूनमधून भेटणारे 56 टक्क्यांच्या आसपास आणि क्वचित भेटणारे 28 टक्के. कारण साधं आहे, आपल्या जवळच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबच्या माणसाचं जग वेगळं असतं, त्याच्याकडे वेगळ्या बातम्या असतात. 2022 मध्ये लिंक्डइनच्या जवळजवळ दोन कोटी लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यातही असंच दिसलं, फक्त एक सुधारणा होती की अगदीच अनोळखी नको, थोडीशी ओळख असलेली माणसं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. म्हणजे ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेला माणूस, जुन्या ऑफिसातल्या दुसऱ्या मजल्यावरची बाई, कॉलेजातला तो मुलगा ज्याच्याशी आपण फार बोललो नाही.

आणि आपण नेमकं उलटं करतो. नोकरी गेली की जवळच्या चार जणांना सांगतो, बाकीच्यांपासून लपवतो. मी स्वतः चार महिने लपवलं.

अशा माणसाला लिहायचं तर 'काही असेल तर कळवा' असं लिहू नका. त्या वाक्याचं उत्तर 'हो नक्की' असतं आणि तिथे विषय संपतो. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारा. वीस मिनिटं मागा आणि वीस मिनिटांतच उठा. आणि 'तुमचं क्षेत्र कसं आहे' असं पण विचारू नका, त्याला भाषणच मिळतं उत्तरात. मी एक प्रश्न ठरवून टाकला होता: मागच्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय काय केलंत? हा प्रश्न मी सात जणांना विचारला. यूजर रिसर्च म्हणजे दिवसभर लोकांशी गप्पा असं माझ्या डोक्यात होतं, आणि सातही जणांचा मंगळवार ऐकला तर निम्मा वेळ लोकांच्या वेळा जुळवण्यात, रेकॉर्डिंग ऐकून उतरवण्यात आणि सादरीकरणं बनवण्यात जात होता. मला तो मंगळवार आवडला, म्हणून मी पुढे गेले. माझ्या एका मैत्रिणीने दुसऱ्या एका क्षेत्राचा असाच मंगळवार ऐकला आणि दोन वर्षांच्या कोर्सची फी भरता भरता थांबली, तिचेही कष्ट वाचले. 'आपली पॅशन शोधा' हा सल्ला मला पटत नाही, तो माणसाला घरात बसून विचार करायला लावतो. घरात बसून कुणालाच कळत नाही आपल्याला काय आवडेल ते. लहानसं काहीतरी करून बघितल्यावर कळतं, शनिवार-रविवारी, कुणाच्या तरी छोट्या कामात हात घालून.

क्षेत्र बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदलली तर उडी झेपते. एक तर काम बदला आणि धंद्याचा प्रकार तोच ठेवा, नाहीतर काम तेच ठेवून दुसऱ्या धंद्यात जा. दोन्ही एकदम बदललं की समोरच्याला आपल्यात ओळखीचं काहीच दिसत नाही. मी तक्रारी येणाऱ्या त्याच प्रकारच्या सेवांमध्ये रिसर्चचं काम शोधलं, कारण ती गिऱ्हाइकं मला पाठ होती.

मी सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्सही केला, त्यातनं शब्द कळले, फायदा झाला. पण त्याचं सर्टिफिकेट मला आजवर कुणी मागितलेलं नाही. मागितली ती तारखेच्या चौकटीवरची तीन पानं. त्या फोननंतर मी ती गोष्ट लिहून काढली, कंपनीचं नाव काढून, ग्राहकांची कुठलीही माहिती न देता: काय दिसलं, कसं मोजलं, काय सुचवलं, पुढे काय झालं, आणि आज करायचं असतं तर वेगळं काय केलं असतं. शेवटचा भाग लिहायला सगळ्यात जड गेला, आणि इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त बोलणं त्याच भागावर झालं.

रेझ्युमेबद्दल फार लिहीत नाही. लोक दोन रंगी डिझाइन, बाजूचे रकाने, फोटो, पाच ठिपक्यांपैकी चार ठिपके भरलेलं कौशल्य असं काय काय करतात. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जातो, आणि ते सॉफ्टवेअर रकान्यांच्या आणि चित्रांच्या आत लिहिलेलं बऱ्याचदा नीट वाचत नाही. साधं, एका रकान्याचं ठेवा, जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच खरा असेल तर वापरा. अर्जात जे हो-नाहीचे प्रश्न असतात, अमुक परवाना आहे का, तमुक शहरात यायची तयारी आहे का, तिथे बरेच अर्ज गळतात, ते घाईत भरू नका. आणि प्रत्येक ओळीला स्वतः विचारा, ही ओळ माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या माणसालाही लागू होते का. होत असेल तर खोडा.

इंटरव्ह्यूवर मात्र थांबावंसं वाटतं, कारण तिथे आपली भाषाच आड येते. मी सरावासाठी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. 'मग ते लक्षात आलं', 'मग ते करून घेतलं गेलं', 'आम्ही ते बदललं', 'मग फोन कमी झाले'. कोणाच्या लक्षात आलं? कोणी करून घेतलं? सगळं जणू आपोआप झालं होतं. आपल्याला लहानपणापासून 'मी मी करू नये' असं शिकवलेलं असतं आणि ते चांगलंच आहे, चारचौघांत ते शोभतं. पण समोर बसलेल्या माणसाला निर्णय घ्यायचा असतो तुमच्यावर, तुमच्या टीमवर नाही. 'मी दोन महिने मोजलं. मी प्रोग्रॅमरकडे गेले. बदल त्याने केला.' हे खरंही आहे, यात फुशारकीही नाही, आणि ज्याचं श्रेय त्याला आहे. मला हे वाक्य न अडखळता म्हणायला आठवडा लागला.

बऱ्याच ठिकाणी आता इंटरव्ह्यू ठरलेल्या प्रश्नांचा असतो, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न आणि उत्तरांना गुण. निवडीवर वर्षानुवर्षं झालेलं संशोधन हेच सांगतं की मोकळ्या गप्पांपेक्षा अशा इंटरव्ह्यूतून माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज जास्त बरोबर येतो. नोकरी शोधणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण याची तयारी करता येते. 'एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुमचं वरिष्ठांशी पटलं नाही', 'एखादी चूक सांगा', 'वेळ कमी होता तेव्हा काय केलंत'. पन्नास प्रश्नांची पन्नास उत्तरं पाठ करायला जाऊ नका. सहा गोष्टी तयार ठेवा, खऱ्या, स्वतःच्या, प्रत्येक दोन मिनिटांची: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, काय झालं. त्यातली एक तरी फसलेली असू द्या. सहा गोष्टी नीट माहीत असल्या की बहुतेक प्रश्नांना त्यातली एक लागू पडते.

आता एक नाजूक गोष्ट. नोकरी गेलेल्या माणसाच्या पोटात राग असतो. मला वाटायचं माझ्यात नाहीये. पहिल्या इंटरव्ह्यूत 'आधीची नोकरी का सोडली' असं विचारलं आणि मी जे बोलले ते आठवलं की अजून वाईट वाटतं, खोटं काही नव्हतं त्यात पण आवाजात कडवटपणा होता आणि समोरच्या बाईंनी पेन खाली ठेवलेलं मला दिसलं. 1994 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता, नोकरी गेलेल्या 63 जणांवरचा. त्यातल्या काहींना पाच दिवस रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात खोलवर जे काही आहे ते लिहायला सांगितलं. इतरांपैकी काहींना साधं वेळेच्या नियोजनावर लिहायला सांगितलं आणि काहींना काहीच नाही. मनातलं लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा लवकर नोकऱ्या मिळाल्या, आणि त्यांनी अर्ज किंवा फोन जास्त केले होते असंही नव्हतं. प्रयोग लहान आहे, त्यावर जग उभं करायला नको. पण मी ते करून बघितलं. पाच रात्री लिहिलं, कुणाला दाखवलं नाही, तिसऱ्या रात्री रडले. त्यानंतर त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडून दोन वाक्यांत येऊ लागलं: "आमचा पूर्ण विभाग बंद झाला. त्यामुळे मला ज्या कामाकडे यायचं होतं तिकडे येतेय." मग पुढचा प्रश्न.

गॅपची भीती खरी आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत संशोधकांनी सुमारे 12,000 बनावट रेझ्युमे जवळपास 3,000 जाहिरातींना पाठवून बघितले होते, 2013 मध्ये ते छापून आलं. नोकरी नसण्याचा काळ वाढत गेला तसे बोलावण्याचे फोन कमी झाले, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत झाली. यातनं मी घेतलं ते असं की रकाना रिकामा ठेवायचा नाही. छोटं कंत्राट, कुणाच्या संस्थेचं स्वयंसेवी काम, ओळखीच्या माणसाच्या वेबसाइटचा फॉर्म तपासून दिलेला, काहीही चालेल पण खरं हवं, आणि त्याचं एक पान लिहून ठेवलेलं हवं. मी अशा दोन फॉर्मची पाहणी फुकट करून दिली. एरवी फुकट काम करू नये या मताची मी आहे, पण तेव्हा मला पानं हवी होती, आणि कामाला हद्द घालून घेतली होती, प्रत्येकी तीन दिवस, पुढे नाही.

नोकरी कशी लागली ते सांगून टाकते. एका ठिकाणी शेवटच्या फेरीपर्यंत गेले आणि नकार आला. मी त्यांना आभाराचा मेल लिहिला आणि विचारलं की माझ्यात काय कमी वाटलं ते एका ओळीत सांगाल का. उत्तर आलं, आकडेवारी मांडण्याचा सराव कमी वाटला. मी महिनाभर त्यावर काम केलं आणि जुन्याच गोष्टीचे तक्ते नव्याने करून त्यांना पाठवले, बदल्यात काही न मागता. पाच आठवड्यांनी फोन आला. ज्याला घेतलं होतं तो ऐनवेळी दुसरीकडे गेला होता. मला आधी तीन महिन्यांचं कंत्राट मिळालं, मग कायम केलं. पगार आधीपेक्षा थोडा कमीच होता सुरुवातीला. ऑफर आली तेव्हा मी लगेच हो म्हणाले नाही, दोन दिवस मागितले आणि सहा महिन्यांनी पगाराचा आढावा घेण्याची ओळ ऑफर लेटरमध्ये घालून घेतली. तोंडी कबूल केलेलं लेटरमध्ये नसलं तर ते कबूल केलेलं नसतं, हे तेवढं लक्षात ठेवा.

आता मलाच लोक विचारतात. गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या धाकट्या भावाचा फोन आला, गोदामात सुपरवायझर होता, सात वर्षं, आता प्लॅनिंगकडे जायचंय म्हणतो. "ताई, रेझ्युमे बघतेस का जरा?" मी म्हटलं, पाठव, पण आधी सांग, नेमकं काय करायचास तू? "माल उतरवून घ्यायचो, स्टाफ बघायचो." मी म्हटलं, एखादा दिवस सांग जो डोक्यातून जात नाही. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, मग हळूहळू एक गोष्ट निघाली, चार ट्रक एकाच वेळी का येतात आणि दुपारी तीनला गोदाम रिकामं का असतं ते त्याने वॉचमनच्या नोंदवहीवरून कसं शोधून काढलं त्याची. वीस मिनिटं बोलत होता. मी मध्ये एकदाही अडवलं नाही.

त्याला सहा गोष्टी लिहून पाठवायला सांगितल्यात. काल रात्री पाच आल्या. चांगल्या आहेत, ट्रकची तर फारच छान, फक्त चौथीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'आम्ही' आहे. रविवारी फोन करणार आहे, तेव्हा विचारते, आम्ही म्हणजे कोण कोण रे?